चौथ्या गाण्यातला ठोका

तो ठोका आमचा नव्हता.
चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नाही,
कारण नीट विचारलंच नाही कुणी.
विचारायचे ते एवढंच, की ड्रम कुठला,
कातडं कशाचं, माइक किती हात लांब.

किरुना. डिसेंबर. सूर्य रजेवर गेलेला.
रस्त्याकडेच्या गाड्या वायरींनी भिंतीला बांधलेल्या,
गोठ्यात गाई बांधाव्यात तशा,
इंजिनं गोठू नयेत म्हणून.
कामगार-भवनाच्या तळघरात
अंड्यांचे पुठ्ठे भिंतीभर डकवून
मी बसले होते, पार्सल ऑफिसातली कारकून,
मांडीशी चार ट्रॅकचं उसनं यंत्र.

पोरं चार.
टूरेचा बाप सातशे मीटर खाली ड्रिल चालवायचा,
टूरेही ड्रम तसाच वाजवायचा,
पाळी भरेपर्यंत, मान वर न करता.
आस्लाक रेनडिअरवाल्यांचा. गिटारीच्या तारा
दोन सूर उतरवून ठेवायचा.
थंडीत ताणल्या की तुटतात, म्हणाला,
आणि नव्या घ्यायला पैसे नाहीत.
(आता या उतरवण्याला घराणं म्हणतात.
पुस्तकं आहेत त्यावर.)
हिल्डिंग बेस वाजवायचा. त्याच्याबद्दल एवढंच;
त्यालाही एवढंच आवडलं असतं.
सिक्स्टनला चर्चच्या वृंदातून काढलं होतं
आवाज फुटला म्हणून.
फुटलेला घेऊन तो आमच्याकडे आला.

बँडचं नाव शेले. जमिनीत उतरलेलं गोठण,
मे महिना उजाडला तरी
फावड्याला आत घेत नाही ते.

तिसरी रात्र, चौथं गाणं.
सात मिनिटं सगळं एका दमात गेलं
आणि शेवटच्या कडव्याआधी सिक्स्टन शब्द विसरला.
चौघं थांबले. एकमेकांकडे पाहिलं.
टेप फिरत होती.
एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

रोज रात्री या वेळेला खाली सुरुंग लावतात.
गावभर कपाटांतल्या बशा किणकिणतात,
कुत्रं कूस बदलत नाही.
आम्ही पाळण्यापासून त्यातच झोपलेलो.
आम्हाला काही ऐकू आलं नाही.
यंत्राला आलं.

दोन दिवसांनी टेप लावली तेव्हा कळलं.
पुसायचं तर पुन्हा वाजवावं लागणार,
आणि यंत्र सोमवारी परत द्यायचं.
टूरे म्हणाला, राहू दे,
बाबा पाळीवर आहेत.

पाचशे प्रती काढल्या. तीनशे माझ्या शेडमध्ये,
स्की आणि बटाट्यांच्या मध्ये.
मग ओसाकाहून पत्र आलं. मग सांतोसहून.
तिथल्या एका पोरानं वाळूत तेलाचं पिंप पुरून
वरून घण घातले म्हणे, हात मोडेस्तोवर.
आता शेकडो रेकॉर्डांत गाणं थांबतं,
चार मात्रा मोकळ्या जातात
आणि ठोका पडतो.
चांगले असतात. ऐकते मी.
फक्त त्यांचा ठोका वेळेवर येतो.

लोखंड काढून काढून गाव पोकळ झालं,
म्हणून गाव उचलून पूर्वेला नेतायत.
चर्च चाकांवर गेलं. कामगार-भवन पाडलं,
पुठ्ठ्यांसकट असेल.
हिल्डिंग गेला, नेहमीसारखा न बोलता.
टूरेचा डावा कान बंद, उजव्याचं तो सांगत नाही.
माझी गल्ली उन्हाळ्यात जाणार.

परवा सांतोसची झुसारा आली,
पिंपवाल्याची मुलगी, बापाचं जाकीट घालून.
बाह्या दुमडलेल्या.
तो ठोका कसा काढलात, तिनं विचारलं.
ठरवलं, हिला सांगायचं.
सांगायचं कशाला, ऐकवायचंच.
कॉफी केली, पुन्हा केली, चीज कापलं,
हवापाण्यावर बोलत तिला बसवून ठेवलं.
मग बोलण्याच्या नादात
मीच घड्याळ विसरले.

अचानक तिचा कप हवेत थांबला.
डोळे मोठे. दंडावर काटा.
काय होतं ते, ती म्हणाली.

आणि मी, खरं सांगते,
मागे वळून पाहत म्हटलं,
कुठे काय?